पाठवणीची वाटी

"पमे, डोळं मिटलंस तर तुझा हात गेला म्हणून समज," आई म्हणाली.

मी डोळे उघडले. समोर चटईवर पितळी वाट्या मांडलेल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध परातीत हळकुंडांचा ढीग होता. कोजागिरी नुकतीच होऊन गेली होती. दाराच्या पडद्यातून ऑक्टोबरचं ऊन गाळल्यासारखं आत येत होतं. मी कावीळ होऊन भिंतीकडेच्या अंथरुणावर पडले होते. कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात, पण आमचं घर आधीच पिवळं होतं. अण्णा सांगलीच्या हळदीच्या पेठेत एका अडत्याच्या दुकानात काट्यावर असत, माल तोलत. त्यांचा पंचा पिवळा, उशी पिवळी, भुवयासुद्धा पिवळ्या. डॉक्टरांनी माझी पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाले, "या घरात कावीळ कुठली आणि हळद कुठली, मला तरी सांगता यायचं नाही." त्यावर सगळ्यात जास्त अण्णाच हसले होते.

तर त्या वाट्या. दिवाळीच्या खर्चाची आखणी आमच्याकडे अशी व्हायची. आईला लिहितावाचता येत होतं, पण खर्चाच्या बाबतीत कागदावर तिचा विश्वास नव्हता. "कागदावर मांडलं की पुरल्यासारखं वाटतं," ती म्हणायची, "वाटीचा तळ दिसला की खरं कळतं." एक हळकुंड म्हणजे पाच रुपये. एक वाटी किराण्याची, एक तेलाची, एक फटाक्यांची, एक देण्याघेण्याची, भाऊबीजेची एक, आणि कापडाच्या तर प्रत्येकाच्या नावाने वेगळ्या. आधी आई आपल्या मनाने सगळं वाटून टाकायची. मग घरातल्या प्रत्येकाला एक 'हात' मिळायचा. एका वाटीतलं एक हळकुंड उचलायचं आणि दुसऱ्या वाटीत टाकायचं. कारण सांगायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही.

न बोलण्याचा नियम अण्णांचा. तो त्यांनी पेठेतून आणला होता. पेठेत तेव्हा भाव तोंडाने ठरत नसे. घेणारा आणि विकणारा हातात हात घेत, वरून पंचा टाकत आणि पंच्याखाली बोटं दाबून आकडा सांगत. बघणाऱ्याला फक्त कापड हललेलं दिसे. बोट दाबलं की पटलं, हात झटकला की सौदा मोडला. "बोललं की भाव फुटतो," अण्णा म्हणत. घरात आई त्यात भर घाली, "बोललं की डोकं फुटतं." आम्ही लहान असताना अण्णा पंच्याखाली माझा हात घेऊन विचारायचे, जिलबी किती? मी त्यांची पाचही बोटं दाबायची.

पाहुण्याला मात्र हात नसायचा. म्हणून हौसा आत्या जरा लांब, उंबऱ्याजवळ सूप घेऊन बसली होती आणि चिवड्याचे पोहे निवडत होती.

हौसा आत्या अण्णांची धाकटी बहीण. चैत्रात ती चार दिवसांसाठी म्हणून आली होती. मग पाऊस झाला, गणपती झाले, दसरा झाला, तरी ते चार दिवस काही संपले नव्हते. नवऱ्याकडून तिला न्यायला कोणी आलं नाही आणि तीही जाते म्हणाली नाही. तिच्या दंडावर, चोळीच्या बाहीखाली, भाजल्याचा लांबट व्रण होता. "कढईचा चटका," असं ती म्हणाली होती. कढई दंडापर्यंत कशी पोचली हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. म्हणजे सुचलं सगळ्यांना, पण विचारलं कुणी नाही.

मला ती फार आवडायची. तापात माझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवून ती शेजारी बसायची. गोष्ट वगैरे सांगायची नाही. नुसतं म्हणायची, "आता घाटावर ऊन आलं आसंल. पायऱ्या निम्म्या वल्या, निम्म्या वाळल्याल्या." एवढ्यावर मला कृष्णा दिसायची, पायरीवर ठेवलेलं धुणं दिसायचं, पलीकडच्या काठावरून कुणीतरी हाक मारलेली ऐकू यायची. ताप होता म्हणून असेल. पण पुढे आयुष्यात मी बऱ्याच नद्या डोळे उघडे ठेवून पाहिल्या, आणि त्यातली एकही इतकी नीट दिसली नाही.

त्या दिवशी आईचं वाटप जवळजवळ झालं होतं. तेलाच्या वाटीत ती हात आखडून टाकत होती. "यंदा पमीला तळलेलं वर्ज्य हाय, तेवढंच तेल वाचलं," ती म्हणाली. मी सांगलीत राहून भडंगाला महाग झाले होते, नुसते कोरडे चुरमुरे आणि उसाचा रस, त्यात वर हे. उत्तमदादा माझ्याकडे बघून दात काढत होता.

मग आईने फळीवरून आणखी एक वाटी काढली. ही दरवर्षी नसायची. वाटी कसली, वाडगाच होता. तो तिने मधे ठेवला आणि त्यात ओंजळभर हळकुंडं घातली. मग तिने स्वतःच्या लुगड्याची वाटी उचलली, सगळीच्या सगळी त्यात ओतली आणि रिकामी वाटी चटईवर पालथी घातली.

"ही कसली?" उत्तमने विचारलं.

"पाठवणीची," आई म्हणाली. "सांगावा आलाय. वन्संचं थोरलं दीर येणार हायत, इचारायला. पाडव्याला न्यायचं म्हणत्यात. मोकळ्या हातानं कशी धाडायची? इरकली लुगडं पायजे, जावईबापूंना धोतरजोडी, सासूला खण, शिदोरी."

उंबऱ्याजवळचं सूप क्षणभर थांबलं आणि पुन्हा हलायला लागलं.

मला आईचा त्या वेळी मनापासून राग आला. बाहेरच्या वाड्यातल्या बायका म्हणायच्या, परतून आलेली नणंद म्हणजे पायात रुतलेला काटा. मला वाटलं, आईलाही तसंच वाटतं. काटा काढायला ती स्वतःचं लुगडंसुद्धा सोडायला तयार आहे. अण्णा मान खाली घालून बसले होते. काट्यावर छटाकभर इकडचं तिकडे होऊ न देणारे अण्णा, पण या वाडग्याकडे त्यांना बघवत नव्हतं.

"चला, हात करा," आई म्हणाली.

पहिला हात अण्णांचा. त्यांनी ठरल्याप्रमाणे स्वतःच्या धोतराच्या वाटीतलं हळकुंड किराण्यात टाकलं. ते दरवर्षी हेच करत आणि आई ते धरून चालून त्यांच्या वाटीत आधीच एक जास्तीचं घालून ठेवी. उत्तमला नुकतं मिसरूड फुटलं होतं. त्याने फटाक्यांतलं एक उचलून आपल्या पँटच्या वाटीत टाकलं आणि जणू काही घडलंच नाही असा चेहरा केला. त्याला बेलबॉटम हवी होती, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

मग माझी पाळी. मी कोपरावर रेलून उठले. डोकं जड होतं आणि वाट्या पाण्याखाली ठेवल्यासारख्या डुलत होत्या. मी वाडग्यात हात घातला आणि पाठवणीतलं एक हळकुंड उचललं. आईने भुवया उंचावल्या.

उचललं खरं. आता टाकायचं कशात?

मी एकेक वाटी बघितली. किराणा, तेल, फटाके, देणंघेणं. भाऊबीजेच्या वाटीवर माझा हात जाऊन परत आला, कारण भाऊबीज येऊन जाणाऱ्या बहिणीची. मला आत्या राहायला हवी होती आणि त्या चटईवर तिच्या राहण्याची वाटीच नव्हती. हळकुंड मुठीत धरून मी तशीच बसून राहिले. खूप वेळ गेला असं मला वाटलं. उन्हाचा पट्टा परातीवरून सरकून आईच्या गुडघ्यावर आला होता.

"टाक की गं," आई म्हणाली.

"बोलायचं नाही," उत्तम म्हणाला.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या आणि पडदा बाजूला झाला. आत्याचे थोरले दीर आले होते.

त्यांना सगळे आप्पासाहेब म्हणत. माणूस दिसायला सौम्य होता. स्वच्छ टोपी, हातात पेढ्यांचा पुडा, बोलणं अगदी लोण्यासारखं. त्यांनी मला, "काय बाई, बरं हाय का आता?" असं विचारलं आणि पेढा पुढे केला. कावीळ म्हटल्यावर मागे घेतला. आई चहाला उठली. आत्याने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि सूप भिंतीकडे वळवलं.

चहा होईपर्यंत पावसापाण्याचं बोलून झालं. मग आप्पासाहेबांची नजर चटईवर गेली.

"दिवाळीची मांडामांड वाटतं?"

"व्हय, चाललंय आपलं," अण्णा म्हणाले.

"आन ह्यो वाडगा?"

"वन्संची पाठवणी," आई चहाची कपबशी त्यांच्यापुढे ठेवत म्हणाली.

आप्पासाहेबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "मंजी तुमच्या मनात हायच. मग मला जास्त बोलायलाच नको. पाडव्याच्या सकाळी गाडी घिऊन येतो. पाडव्याला बायकूनं नवऱ्याला ववाळायचं, आन आमचा धाकटा एकटा भिंतीला पाठ लावून बसणार, बरं दिसतंय का? मागचं झालं गेलं. पाव्हणं, पाचची यष्टी हाय मला. हो म्हणा, निघतो."

अण्णांनी उंबऱ्याकडे बघितलं. "हौसे, काय म्हणतीस?"

"तुम्ही ठरवाल तसं," आत्या सुपाला म्हणाली.

हे वाक्य ती चैत्रापासून म्हणत आली होती. भाजी कसली करू, तुम्ही ठरवाल तसं. जत्रेला येतेस का, तुम्ही ठरवाल तसं.

"बाईमाणूस काय सांगणार," आप्पासाहेब म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

अण्णांनी खांद्यावरचा पंचा काढला, झटकला, आणि आपल्या उजव्या हातावर पसरला. हळदीचा धुरळा उन्हात उडाला आणि सावकाश खाली बसू लागला.

"हौसे, हिकडं ये. हात दे."

आप्पासाहेब हसले. "पाव्हणं, भैनीचा सौदा करताय का काय?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "इचारतोय. तुमच्यासमूर तिला तोंड उघडंना. आमचा बा बी पेठेतच हुता, तिला बोटं कळत्यात."

आत्या उठली. पोह्यांचा कोंडा तिच्या लुगड्यावरून खाली सांडला. ती अण्णांसमोर येऊन बसली आणि तिने पंच्याखाली हात घातला. माझ्या अंथरुणापासून ते कापड हातभर अंतरावर होतं. मी एकटक त्याच्याकडे बघत होते. दाबलं तर जायचं. झटकलं तर राहायचं. चहाची बशी आप्पासाहेबांच्या ओठाशी थांबली होती. आई चुलीपाशी उभी होती, हातात चिमटा होता. बाहेर कुणीतरी उखळात काही कांडत होतं, त्याचा आवाज लांबून येत होता, आणि मला वाटलं आपण पुन्हा तापात आहोत, हे सगळे पाण्याच्या तळाशी बसले आहेत, आणि आता कोणी हललं नाही तर कायमचे असेच राहतील.

कापड हललं नाही.

पेठेतले एवढे हात बघितलेले अण्णा, पण त्यांच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी पंचा काढून घेतला. आत्याचा हात त्यांच्या हातात नुसता ठेवलेला होता, उताणा.

"मला कळंना, हौसे," अण्णा म्हणाले. "दाबलं बी न्हाईस, झटकलं बी न्हाईस. आता तोंडानंच सांग. मी तुज्या पाया पडतो, पर सांग."

आत्याने त्यांच्याकडे बघितलं नाही, दिराकडेही नाही. ती वाट्यांकडे बघत होती. मग तिने मान वळवून आईकडे बघितलं.

"वैनी, एवढ्यात मी बसते का?"

"कशात?" आई म्हणाली.

"ह्या वाट्यांत. तुम्ही तुमचं लुगडं काढून माज्या पाठवणीत घातलंसा. मंजी मी जावं असंच न्हवं? मग मी हात झटकून काय करू? झटकला तर तुमच्या उरावर. दाबला तर..." ती थांबली. तिचा दुसरा हात आपोआप दंडावर गेला होता.

आईच्या हातातला चिमटा खाली पडला. ती तशीच चटईजवळ येऊन बसली.

"अवं वन्सं," ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हास्नी जायचंय. मोकळ्या हातानं जायला लाजताय, म्हणून दिवस काढताय. म्हटलं, माजं लुगडं ऱ्हाऊ दे, पर ही मानानं जाऊ दे. मी रोज वाट बघतीया, ही कधी म्हणंल."

"न्हाई जायाचं मला, वैनी," आत्या म्हणाली. "कधीच न्हवतं जायाचं. म्या म्हटलं, तुम्ही कधी जा म्हणताय त्याची वाट बघू."

ती रडत नव्हती. चैत्रापासून घशात अडकलेलं ते वाक्य आता बाहेर पडलं होतं, आणि तिलाच त्याचं नवल वाटत होतं असं मला दिसलं. रडत होते ते अण्णा, पंच्यात तोंड घालून, आणि तोंड बाहेर काढलं तेव्हा ते कपाळापासून हनुवटीपर्यंत पिवळं झालं होतं.

"मग तसं म्हणायचं," आई म्हणाली. आता तिचा आवाज एकदम रोजचा, जरा रागावलेला झाला. "बसतं का, पुरतं का, हे तुम्हास्नी कुणी इचारलंय? पुरवायचं काम माजं. ऱ्हायाचं का जायाचं, तेवढं सांगायचं तुमचं."

आप्पासाहेबांनी बशी खाली ठेवली. "आन मी घरी काय सांगू?"

"सांगा की," आई म्हणाली, "आमच्याकडं कढई चुलीवरच असती म्हणावं."

आप्पासाहेब टोपी सारखी करत राहिले. ते खरंच वाईट माणूस होते असं मला आजही वाटत नाही. त्यांना तो व्रण ठाऊक होता आणि त्यांनाही कुणी त्याबद्दल विचारलं नव्हतं, एवढंच. "मग पाडव्याला यायला नको तर," ते हळूच म्हणाले.

"या की," अण्णा डोळे पुसत म्हणाले. "जेवायलाच या. न्यायला नको."

ते गेल्यावर आईने वाडगा उचलला आणि त्यातली हळकुंडं सरळ किराण्याच्या वाटीत ओतली. किराण्याची वाटी भरून सांडली. "पमे, मुठीतलं दे," म्हणून तिने माझ्याही हातातलं काढून घेतलं.

"हे कुणाच्या हातात बसतं?" उत्तम नियमावर बोट ठेवून म्हणाला.

"माज्या," आई म्हणाली. "आणि तुज्या बेलबॉटमच्या वाटीतलं एक काढू का?"

उत्तमने आपली वाटी मांडीखाली सरकवली.

आत्या मग आमच्याकडेच राहिली. माझं लग्न झालं, उत्तमला मुलं झाली, अण्णा गेले, तरी ती होती. तिच्या हाताखाली मी सगळे पदार्थ शिकले आणि तिच्याशी भांडलेही पुष्कळ, कारण 'तुम्ही ठरवाल तसं' हे वाक्य ती त्या दिवसानंतर पार विसरून गेली. म्हातारपणी तर भाजीत मीठ किती हेसुद्धा तीच ठरवी. पण ती आठवली की मला ते सगळं आठवत नाही. मला त्या दिवसाचा शेवट आठवतो.

वाट्या उचलल्यावर आत्या उरलेले पोहे निवडायला बसली. निवडता निवडता तिचा हात मंदावला. ती भिंतीला टेकली, मग कलली आणि माझ्या अंथरुणाच्या कडेला, पाय पोटाशी घेऊन झोपून गेली. आली तेव्हापासून तिला कुणी दिवसा आडवं झालेलं पाहिलं नव्हतं. भल्या पहाटे उठायची, सगळे झोपले की मग पाठ टेकायची, आणि मधे बसलेली दिसली तरी हातात काहीतरी असायचं. आता तिचं तोंड किंचित उघडं होतं आणि श्वास इतका खोल चालला होता की तो ऐकून मलाही गुंगी आली. आईने तिच्या हाताखालचं सूप अलगद ओढून घेतलं. अण्णा बाहेर पायरीवर जाऊन बसले. उत्तमही पाय न वाजवता वावरू लागला.

उन्हाचा पट्टा भिंतीवर चढला, तांबूस झाला आणि विझला. घरात अंधारायला लागलं. तिन्हीसांजेला घरात कुणी झोपलेलं आईला मुळीच चालत नसे. दिवा लावताना माणूस निजलेलं असलं की लक्ष्मी दारातून परत जाते, असं ती म्हणायची, आणि मला तापातसुद्धा रोज त्या वेळी हात धरून उठवून बसवायची. त्यात दिवाळी तोंडावर आलेली. मी सवयीने उठून बसले आणि आत्याच्या खांद्याकडे हात नेला.

"नको," आई अंधारातून म्हणाली. ती देवापुढे बसली होती, हातात काड्यापेटी होती. तिने ती खाली ठेवली. "निजू दे तिला. आज दिवा जरा उशिरानं लावू."